विश्लेषण : भंगाराच्या भावातली ‘थ्री नॉट थ्री’ संग्राहकांसाठी महाग का झाली? आपल्याकडे तिचे काय होते?

विठ्ठलवाडी स्थानकाच्या आसपासची वस्ती ज्या जमिनीवर उभी आहे, त्यातील मोठा भाग दुसऱ्या महायुद्धात लष्करी तळ होता. युद्ध संपले, तळाची गरज संपली, लष्कराला नकोशा झालेल्या ‘कल्याण कॅम्प’च्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये तिथे उल्हासनगर वसले. लष्कराने टाकून दिलेल्या गोष्टीला पुढे किती मोल येऊ शकते, हे या परिसराला कोणी वेगळे सांगायला नको. सध्या जगभरच्या संग्राहकांच्या बाजारात असेच काहीसे लष्कराने निवृत्त केलेल्या जुन्या रायफलींबाबत घडते आहे. एकेकाळी किराणा मालासारख्या पिंपात उभ्या करून विकल्या जाणाऱ्या या रायफली आज जपून ठेवण्याची वस्तू झाल्या आहेत. त्यात भारतात बनलेली ‘थ्री नॉट थ्री’ही आहे. हे भाव का वाढले, भारतात अशी रायफल विकत घेता येते का आणि घरात आजोबांची जुनी बंदूक असेल तर काय करायचे, याचा हा आढावा.

नेमके काय घडते आहे?

अमेरिका हा अशा रायफलींचा सर्वात मोठा बाजार. तिथे २००५ च्या सुमारास सोव्हिएत काळातील ‘मोसिन-नागां’ ही रायफल १०० डॉलरच्या आत मिळत असे. सोबत संगीन, पट्टा आणि तेलाची डबीही मिळे. आज तशीच रायफल ३०० ते ४०० डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही. चांगल्या स्थितीतील किंवा दुर्मीळ कारखान्यातील नगाला त्याहून जास्त पैसे मोजावे लागतात.

ब्रिटिश बनावटीची ‘ली-एनफिल्ड’, म्हणजे आपल्याकडची ‘थ्री नॉट थ्री’, जर्मन ‘माउझर’, स्विस आणि स्वीडिश रायफली, युगोस्लाव्हियाच्या ‘एसकेएस’ या सगळ्यांची कथा थोड्याफार फरकाने तीच आहे. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या भारतीय रायफलीही १९९० च्या दशकात तिथे १०० डॉलरच्या आसपास विकल्या गेल्या. आता त्यांच्यासाठी काहीशे डॉलर मोजावे लागतात.

या रायफली मुळात इतक्या स्वस्त का होत्या?

कारण त्या विकणाऱ्याला त्यातून नफा कमवायचा नव्हता, गोदाम रिकामे करायचे होते. दोन महायुद्धांत हातातल्या रायफली अफाट संख्येने बनल्या. मोसिन-नागां सुमारे पावणेचार कोटी, तर ली-एनफिल्डचे सगळे प्रकार मिळून दीड कोटीहून अधिक. १९५० नंतर बहुतेक सैन्यांनी स्वयंचलित किंवा अर्धस्वयंचलित रायफली घेतल्या आणि प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागणारी ही जुनी शस्त्रे एका झटक्यात जादा ठरली. त्यांची राखण करायची तरी पहारेकरी, कुलूप आणि तेलपाणी यांचा खर्च होताच. त्यामुळे सरकारे ती घाऊक भावात दलालांना देत.

हा माल किती स्वस्त होता याचे जगाला माहीत असलेले उदाहरण दुःखद आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची १९६३ मध्ये हत्या झाली ती इटालियन सैन्याच्या जुन्या ‘कारकानो’ रायफलीने. मारेकऱ्याने ती जाहिरात पाहून टपालाने मागवली होती. दुर्बिणीसह किंमत १९ डॉलर ९५ सेंट. महागाई जमेस धरली तरी आजचे साधारण २०० डॉलर.

त्या हत्येनंतर टपालाने बंदुका विकण्यावर टीका झाली आणि १९६८ च्या कायद्याने अमेरिकेत लष्करी जादा शस्त्रांची आयात बंद झाली. १९८४ मध्ये संग्राह्य जुन्या शस्त्रांसाठी हा दरवाजा पुन्हा किलकिला करण्यात आला. ढोबळ निकष ५० वर्षांच्या वयाचा. तिथून पुढची सुमारे ३० वर्षे जगभरची गोदामे अमेरिकेत रिती होत राहिली.

मग भाव का चढले?

याला पाच कारणे आहेत.

पहिले, साठा संपला. या रायफली आता कोणी बनवत नाही. शीतयुद्ध संपल्यावर पूर्व युरोपातील देशांनी गोदामे उघडली, ती आता रिकामी झाली आहेत.

दुसरे, सरकारी बंदी. चीनमधून येणाऱ्या बंदुकांवर अमेरिकेने १९९४ मध्ये बंदी घातली. रशियन शस्त्रांच्या आयातीवर २०२१ मध्ये निर्बंध आले. प्रत्येक बंदीनंतर देशात आधीच आलेल्या मालाचा भाव वर गेला.

तिसरे, जादा शस्त्रे विकण्याऐवजी नष्ट करण्याचे धोरण. बेकायदा शस्त्रव्यापार रोखण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २००१ मध्ये कृती कार्यक्रम स्वीकारला. जप्त किंवा जादा ठरलेली लहान शस्त्रे शक्यतो नष्ट करावीत, असा त्याचा रोख आहे. त्यामुळे जो माल पूर्वी दलालाकडे जाई, तो भट्टीत जाऊ लागला.

चौथे, युद्ध. युक्रेनमधील युद्धाने जुने शस्त्र कायमचे जुने राहत नाही, हे दाखवून दिले. २०२२ मध्ये डोनबासमधील रशियाच्या बाजूच्या भरती केलेल्या सैनिकांच्या हातात चक्क मोसिन-नागां दिसल्या. युरोपातील देश आता गोदामे विकण्याऐवजी भरण्याच्या मागे आहेत.

पाचवे, मागणी. महायुद्धावरील चित्रपट आणि मोबाइल-संगणकावरील खेळ यांमुळे ही शस्त्रे कधीही न हाताळलेल्या पिढीला ती नावानिशी माहीत झाली. शिवाय आधीच्या पिढीने स्वस्त म्हणून घेतलेल्या रायफली शिकारीसाठी कापून-तासून हलक्या केल्या होत्या. लाकडी दस्ते कापले गेले, नळ्या आखूड झाल्या. त्यामुळे मूळ रूपातील नग आणखी कमी उरले. स्वस्ताईच्या काळात कोणी किंमत केली नाही, म्हणून आज किंमत आहे.

भारतीय रायफल अमेरिकेत कशी पोचली?

इशापूरच्या रायफल कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ‘.३०३’ रायफली बनू लागल्या. नळीच्या आतला व्यास ०.३०३ इंच, म्हणून पोलीस आणि फौजी बोलीत ‘थ्री नॉट थ्री’. वजन चार किलोच्या आसपास, पेटीत दहा काडतुसे. दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिक याच रायफली घेऊन लढले.

या रायफलीला महाराष्ट्राचाही हात लागलेला आहे. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्यात बनत. १८६९ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याची ‘के.एफ.’ ही काडतुसाच्या बुडावरची खूण परदेशी संग्राहकही ओळखतात. विठ्ठलवाडीपासून दोन स्थानके पुढे अंबरनाथला आयुध निर्माणी आहे. स्वातंत्र्यानंतर उभ्या राहिलेल्या या कारखान्याचे काम बंदूक बनवण्याचे नाही. काडतुसांसाठी लागणाऱ्या पितळेसारखे धातूचे काम तिथे होते. या पट्ट्यातील कित्येक घरांतील एक पिढी तिथे नोकरी करून निवृत्त झाली आहे.

१९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवानांच्या हातात हीच बोल्ट-रायफल होती. समोर अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित शस्त्रे होती. त्यानंतर सैन्याने ७.६२ मिलिमीटरची ‘एसएलआर’ स्वीकारली. ती सर्वांना मिळेपर्यंतची सोय म्हणून इशापूरने जुन्याच धाटणीची, पण ७.६२ काडतूस घेणारी ‘२ए’ आणि पुढे ‘२ए१’ ही रायफल काढली. हीच ‘२ए१’ पुढे जादा माल म्हणून अमेरिकेत गेली आणि तिथे ‘इशापूर’ या नावानेच ओळखली जाते. ली-एनफिल्ड घराण्यातील ही शेवटच्या लष्करी रायफलींपैकी एक, हेच तिचे आजचे आकर्षण.

शेजारच्या नेपाळचे उदाहरणही बोलके आहे. राणांच्या काळापासून काठमांडूच्या जुन्या राजवाड्यात पडून असलेला हजारो बंदुकांचा साठा २००३ च्या सुमारास अमेरिकी व्यापाऱ्यांनी एकगठ्ठा विकत घेतला. काल जे धुळीत पडले होते, ते आज प्रमाणपत्रासह विकले जाते.

संग्राहक नेमके कशाचे पैसे मोजतो?

लोखंडाचे नाही, इतिहासाचे आणि खरेपणाचे. रायफलीच्या मुख्य भागांवर अनुक्रमांक कोरलेले असतात. बोल्ट, नळी आणि सांगाडा यांवरचे अंक जुळले, तर ती कारखान्यातून निघाली तशीच आहे असे मानतात. जुळत नसतील तर किंमत पडते.

त्यानंतर शिक्के पाहिले जातात. ब्रिटिश काळातील इशापूर रायफलीवर राजमुकुटाची खूण असते. नंतरच्या रायफलींवर अशोकस्तंभाचे सिंह आणि ‘आर.एफ.आय.’ ही अक्षरे असतात. दस्त्याला आडवा मारलेला मजबुतीचा स्क्रू ही तर भारतीय दुरुस्तीची ओळखच. पूर्वी ज्या खुणांमुळे हा माल ‘दुय्यम’ समजला जाई, त्याच खुणा आज शोधल्या जातात.

भाव वाढला की नक्कल वाढते. पाकिस्तानातील दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी बनवलेल्या एनफिल्ड आणि मार्टिनी रायफलींच्या नकला अफगाणिस्तानातील बाजारांत परदेशी सैनिकांना ‘शंभर वर्षे जुन्या’ म्हणून विकल्या गेल्या. शिक्क्यातील चुकलेली अक्षरे पाहून त्या उघड्या पडत. अशी नक्कल झाडणे झाडणाऱ्याच्याच जिवावर बेतू शकते.

गुंतवणूक म्हणून हे कितपत खरे?

‘चारपट झाले’ हे ऐकायला मोठे वाटते. हिशेब मात्र साधा आहे. २००५ मध्ये १०० डॉलरची मोसिन २०२४ मध्ये ४०० डॉलरची झाली असे धरू. त्या काळात अमेरिकेतील महागाईनेच १०० चे १६० झाले. म्हणजे खरी वाढ अडीच पट. वार्षिक दर काढला तर साडेसात टक्क्यांच्या आतबाहेर.

याच काळात अमेरिकेचा ‘एस अँड पी ५००’ हा निर्देशांक साधारण १,२५० वरून ५,८८० वर गेला. म्हणजे पावणेपाच पटीच्या आसपास, लाभांश वेगळा. शेअरला गंज लागत नाही, तिजोरी लागत नाही आणि विकायला परवानाधारक दलाल शोधावा लागत नाही. थोडक्यात, रायफलीने शेअर बाजाराला हरवलेले नाही. ज्याने हौसेने घेतली त्याचे पैसे बुडाले नाहीत, एवढेच.

भारतात अशी रायफल विकत घेता येते का?

सर्वसामान्य नागरिकाला नाही. भारतीय शस्त्र नियमांच्या अनुसूचीत .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसे झाडू शकणाऱ्या बोल्ट-रायफली नावानिशी वेगळ्या वर्गात टाकल्या आहेत. व्यवहारात यालाच ‘प्रोहिबिटेड बोअर’ म्हणतात. त्यासाठीचा परवाना स्थानिक पोलीस देत नाहीत. तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे आणि तोही मोजक्या कारणांसाठी वापरला जातो.

यामागचे सूत्र ब्रिटिश काळापासूनचे आहे. लष्कराचे काडतूस नागरिकाच्या बंदुकीत बसता कामा नये. म्हणूनच आपल्याकडे परवान्यावर मिळते ती ‘.३१५’ रायफल. ती इशापूरमध्येच आणि त्याच एनफिल्ड धाटणीवर बनते, पण लष्करी काडतूस तिच्यात चालत नाही. पोलिसांना एकेकाळी दिलेल्या ‘.४१०’ मस्केटमागेही हाच विचार होता. शस्त्र लुटले गेले तरी लुटारूला लष्करी गोळी त्यात घालता येऊ नये.

२०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायदा आणखी कडक झाला. एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेले शस्त्रही या मोजणीत धरले जाते. विनापरवाना बंदूक बाळगल्यास दोन ते पाच वर्षे आणि प्रतिबंधित शस्त्रासाठी सात ते चौदा वर्षे कैदेची तरतूद आहे. हौस म्हणून केलेला व्यवहारही याच कलमांत मोजला जातो.

‘अँटिक’ म्हटले की परवाना लागत नाही, हे खरे का?

अर्धसत्य आहे, आणि फसवणूक याच अर्धसत्यावर चालते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ नुसार कालबाह्य, पुरातन किंवा नादुरुस्त शस्त्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहू शकते. पण अट महत्त्वाची आहे. ते शस्त्र आहे त्या स्थितीत किंवा दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. भिंतीवरची तोड्याची बंदूक आणि कपाटातील थ्री नॉट थ्री यांत हाच फरक आहे. थ्री नॉट थ्री कितीही गंजली तरी ती दुरुस्त होऊ शकते.

२०२० मध्ये नियमांत दुरुस्ती करून ‘क्युरिओ’ प्रकारातील लहान शस्त्रे बाळगण्यासाठी परवान्याची गरज नसल्याचे सांगण्यात आले. मात्र ती वापरायची किंवा एका जागेहून दुसरीकडे न्यायची तर योग्य परवाना हवाच. जुनी दिसते म्हणून मालकाने किंवा विकणाऱ्याने स्वतःच तिला क्युरिओ ठरवून चालत नाही.

शिवाय १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. ती परदेशी पाठवणे हा वेगळा गुन्हा. त्यामुळे ‘अमेरिकेत याला हजार डॉलर मिळतात, आम्ही विकून देतो’ असे कोणी फोनवर सांगत असेल, तर तो एकाच वेळी दोन कायदे मोडण्याचे आमंत्रण देतो आहे.

मग भारतात जुन्या शस्त्रांचा भाव कुठे वाढला?

परवान्यावर चालणाऱ्या बाजारात. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी परदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद आहे. नेमबाज खेळाडूंसारखे काही अपवाद आहेत. त्यामुळे त्याआधी देशात आलेली ‘.३२’ बोअरची जुनी ब्रिटिश रिव्हॉल्व्हर किंवा जर्मन पिस्तुले मोजकीच फिरत राहतात. परदेशात काहीशे डॉलरला मिळणारे शस्त्र इथे कायदेशीर हस्तांतरात काही लाखांना जाते. वस्तू तीच, फक्त दरवाजा बंद आहे. किंमत लोखंडाची नसून बंद दरवाजाची असते, हा अमेरिकेतील बाजाराचा नियम इथे अधिक ठळक दिसतो.

स्वस्त सरकारी शस्त्र आणि महाग बाजार यांत फट राहिली की गैरव्यवहार शिरतो, याचाही अनुभव देशाने घेतला आहे. सैन्यातील आजी-माजी कर्मचाऱ्यांना ‘नॉन सर्व्हिस पॅटर्न’, म्हणजे सैन्याच्या नेहमीच्या वापरात नसलेली, शस्त्रे सवलतीत घेता येत. राजस्थानातील श्रीगंगानगर परिसरात ती बाहेर चढ्या भावाने विकली गेल्याचे प्रकरण २००० नंतरच्या दशकात उघड झाले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अनेक लष्करी अधिकाऱ्यांवर कारवाई झाली.

पोलिसांच्या थ्री नॉट थ्री कुठे जातात?

सैन्याने सोडल्यावरही ही रायफल राज्यांच्या पोलिसांकडे कित्येक दशके राहिली. स्वस्त, दणकट, शिकवायला सोपी. या स्वस्ताईची किंमत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईने मोजली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या दोन दहशतवाद्यांसमोर पोलिसांच्या हाती जुन्या .३०३ रायफली आणि लाठ्या होत्या. तिथे ५० हून अधिक जणांचा बळी गेला. कल्याण, विठ्ठलवाडी, बदलापूरकडे जाणाऱ्या गाड्या जिथून सुटतात, तेच हे स्थानक. ज्यांच्या हाती ती रायफल होती त्यांच्यासाठी ती संग्रहातील वस्तू नव्हती, हे परदेशातील भाव वाचताना विसरता येत नाही.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी संचलनात या रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला. निवृत्त शस्त्रांची नोंद करून ती आयुध भांडाराकडे जमा करणे आणि पुढे मोडीत काढणे, ही आपल्याकडची रीत आहे. काही रायफली नळीला भोक पाडून निकामी केल्या जातात आणि ‘डीपी’, म्हणजे केवळ कवायतीसाठी, असा शिक्का मारून ठेवल्या जातात. कॉलेजात एनसीसी केलेल्या अनेकांनी खांद्यावर घेतलेली रायफल हीच.

विकू नये, हे धोरण सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे. भाव वाढल्याचे पाहून सरकारने गोदामे बाजारात आणावीत, असा याचा अर्थ काढता येणार नाही. अमेरिकेने स्वस्त रायफलींची किंमत १९६३ मध्ये मोजली आहे. पण विकणे आणि वितळवणे यांच्या मधला एक मार्ग आहे. प्रत्येक प्रकारातील, प्रत्येक काळातील मोजके नग कायमचे निकामी करून, त्यांच्या नोंदवहीसह संग्रहालयात ठेवणे. कोणती रायफल कोणत्या ठाण्यात, कोणत्या वर्षी, कोणाच्या नावे होती, हे कागद रायफलीहून मौल्यवान आहेत. रायफल भट्टीत जाते, तेव्हा बहुतेकदा कागदही रद्दीत जातो.

घरात जुनी बंदूक निघाली तर काय करावे?

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याण-डोंबिवली हा सगळा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो. इथे परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. जुनी घरे पुनर्विकासासाठी रिकामी होतात, माळे उपसले जातात आणि आजोबांची बंदूक बाहेर येते, असे होऊ शकते. अशा वेळी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• बंदूक उचलून स्वतः कुठे नेऊ नये. भरलेली असू शकते. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे आणि ते सांगतील तसे करावे. फोटो काढून समाजमाध्यमांवर किंमत विचारू नये.

• परवाना शोधावा. जुन्या परवान्याचे पुस्तक, नूतनीकरणाच्या पावत्या, दुकानदाराचे बिल, काहीही सापडले तरी जपून ठेवावे. ‘यूआयएन’ क्रमांक दिलेला आहे का, ते पाहावे.

• परवानाधारकाचे निधन झाले असेल किंवा मुदत संपली असेल, तर कलम २१ नुसार विनाविलंब बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. जमा केल्याची पावती घ्यावी. जमा केली म्हणजे हक्क गेला असे नाही.

• वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. २०१६ च्या नियमांत त्यासाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारक हयात असून त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा २५ वर्षे शस्त्र बाळगले असेल, तरीही वारसाकडे ते देण्यासाठी अर्ज करता येतो. इतर वारसांची ना-हरकत लागते.

• परवाना नको असेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत विक्री किंवा सरकारजमा करणे हे मार्ग आहेत. ठरलेल्या मुदतीत काहीच केले नाही, तर शस्त्र सरकारजमा होऊ शकते.

• परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाने तिकडे कायदेशीररीत्या घेतलेली जुनी रायफल ‘आठवण’ म्हणून सामानातून भारतात आणू नये. तिथला परवाना इथे चालत नाही.

पुढे काय?

थ्री नॉट थ्रीनंतर पाळी ‘एसएलआर’ आणि ‘इन्सास’ची आहे. सैन्याने २०१९ मध्ये ७२,४०० ‘सिग-७१६’ रायफली मागवल्या. अमेठीजवळच्या कोरवा येथे सहा लाखांहून अधिक ‘एके-२०३’ बनवण्याचा करार २०२१ मध्ये झाला. म्हणजे येत्या काही वर्षांत लाखो जुन्या रायफली निवृत्त होतील. त्या अर्धस्वयंचलित किंवा स्वयंचलित असल्याने जगातील बहुतेक देशांत त्या नागरिकांना विकता येणार नाहीत. स्वस्त लष्करी रायफलींचा जो काळ १९५० नंतर सुरू झाला, तो त्यामुळे पुन्हा येण्याची शक्यता नाही. परदेशातील भाव खाली येण्याचीही मग फारशी आशा नाही.

आपल्याकडे प्रश्न भावाचा नाहीच. निवृत्त होणाऱ्या या रायफलींपैकी दोन-चार तरी पुढच्या पिढीला काचेआड पाहायला मिळतील का, हा आहे. ज्या जवानांनी आणि पोलिसांनी त्या खांद्यावर वाहिल्या, ज्या कामगारांनी इशापूर, खडकी आणि अंबरनाथमध्ये त्यासाठी घाम गाळला, त्यांची आठवण परदेशी संग्राहकाच्या कपाटात जपली जावी आणि इथे ती भंगाराच्या वजनात मोजली जावी, हे बदलायला ना कायदा सैल करावा लागतो, ना फार खर्च येतो. भट्टीकडे जाणाऱ्या गाडीतून काही नग आधी बाजूला काढायचे, एवढेच काम आहे. ते आताच करावे लागेल. वितळलेली रायफल पुन्हा घडवता येत नाही.